मी न दिलेली सूचना

ग्रामस्थ बंधूंनो, भगिनींनो, आणि पारावर पत्ते कुटत बसलेल्या तमाम मान्यवरांनो... ऐका हो ऐका! अत्यंत गंभीर, महत्त्वाची आणि तातडीची सूचना ऐका! सर्वांना कळविण्यात येते की, ज्या दत्तरावाने उभ्या जन्मात भुताखेतांवर, भानामतीवर आणि स्वतःच्या मेव्हण्याच्या बढायांवर कधी विश्वास ठेवला नाही, त्या दत्तरावाला एक अनुभव आलेला आहे. सूचना समाप्त!

हसू नका. मी खरंच असाच बोलतो. गेली वीस-बावीस वर्षं आमच्या गावातल्या मारुतीच्या देवळातला माईक माझ्याकडे आहे. रेशन आलं, लस आली, कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं... सगळं माझ्या तोंडून गावाला कळतं. प्रत्येक सूचना तीनदा, वर थोडा विनोद, शेवटी ‘आज्ञेवरून’. कुणाच्या आज्ञेवरून ते आजवर कुणी विचारलं नाही.

आणि भुतांचं म्हणाल, तर ती मीच तयार करत आलो. ओढ्याकाठच्या चिंचेवर बाई बसते अशी गावात बोलवा होती. एका संध्याकाळी मी माईकवरून असा गळा काढला की आमच्या आळीतला बबन सायकलसकट ओढ्यात गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता जागा नीट सांगतो. कुरुंद्यापासून आमचं गाव जवळच. हळदीचा मुलूख. गावाच्या पश्चिमेला ओढा, ओढ्यापलीकडं मोठा मुरमाड माळ. हळद काढली, पिंपाएवढ्या लोखंडी कुकरमध्ये शिजवली, की ती वाळवायला याच माळावर पसरतात. फाल्गुन-चैत्रात लांबून बघितलं तर कुणी जमिनीला पिवळं लुगडं नेसवलंय असं वाटतं. माळाच्या कडेला पत्र्याच्या तीसेक खोल्या. तिथं मध्य प्रदेशातून, खरगोनकडून आलेली माणसं राहतात. आधी नुसती हंगामापुरती यायची, मग काही जण इथंच राहिले. गाव त्या वस्तीला खरगोनच म्हणतं. “कुठं चालले?” “खरगोनला, मजूर बघायला.” दहा मिनिटांत चालत मध्य प्रदेश! माळाच्या दुसऱ्या अंगाला लमाणांचा तांडा. देऊळ मात्र गावाच्या मधोमध, माळापासून चांगलं एक किलोमीटर.

हे अंतर महत्त्वाचं आहे. विसरू नका.

त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. शिजवलेली हळद पावसात भिजली की काळी पडते, बुरशी धरते, वर्षाची मेहनत मातीत. त्यामुळं आभाळ आलं की आमच्याकडं जी धावपळ उडते ती लढाईच्या वरताण असते. गाव, खरगोन, तांडा, सगळे माळावर. पसरलेली हळद ओढून ढीग करायचे, वर ताडपत्री टाकायची, कडेनं दगड मांडायचे. मी कमरेवर हात ठेवून ओरडत होतो (ते माझं काम), आणि खरगोनमधला माझा मजूर गुलाब, त्याची बायको सेवंती आणि आमच्या घरातली मंडळी ओढत होती. माझे दोन मोठे ढीग झाले, शेजारी शेजारी. दोन्हीवर मिळून एकच लांबरुंद निळी ताडपत्री. नवी कोरी. तिच्या कडा मी स्वतः दाबल्या, दगडाला दगड लावून. बायको कमल म्हणाली, “अवं, मुंगी तरी जाऊ द्या आत.” मी म्हणालो, “मुंगीनं परवानगी काढावी.”

आणि तेवढ्यात सेवंतीची हाक आली.

“मंगली? ओ मंगली...”

मंगली म्हणजे तिची तीन वर्षांची पोरगी. बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपवली होती. झोळी रिकामी.

पहिली पाच मिनिटं कुणाला काही वाटलं नाही. असेल इथंच. मग खोल्या बघून झाल्या, कुकरच्या मागं बघून झालं, ओढा बघून झाला, आणि माळावरचा आवाज एकदम बदलला. विहिरी आठवल्या. तीन विहिरी आहेत माळाच्या कडेला, तिन्ही बिनकठड्याच्या. तांड्यावरची पोरं दोर आणि गळ घेऊन धावली. दोघं विहिरीत उतरलेसुद्धा. एक टोळकं मोटारसायकलींवर आखाडा बाळापूरकडं सुटलं, दुसरं वारंगा फाट्यावर गाड्या अडवायला. अहो, काय सांगू तो थरार! लेकरू कुणाचं, माणसं कुठली, पण अर्ध्या तासात तीनशे माणूस गोळा!

आता खोटं कशाला बोलू, सगळेच काही देवमाणसं नव्हती. ओट्यावरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, “त्या लोकांचं ध्यानच नसतं लेकरावर.” जणू आमची पोरं आम्ही खिशात घालून हिंडतो. आणि बबननं मोबाईल काढला. त्याच्याकडं कुठल्या तरी गावाचा पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ होता. तो सगळ्यांना दाखवत सुटला आणि नेमका त्याच वेळी चादरी विकणारा एक उत्तरेकडचा माणूस मोटारसायकलवर गाठोडं बांधून रस्त्यानं चालला होता.

झालं! “धरा त्याला!”

गाठोडं सोडलं. चादरी धुळीत. त्याची कॉलर बबनच्या हातात. तो बिचारा नुसता हात जोडून, “भैया, चादर है, चादर है.” आणखी दोन मिनिटं गेली असती तर त्या माणसाचं काय झालं असतं, सांगवत नाही. तेव्हा तांड्याचे प्रमुख, परसराम नाईक, सत्तरीचे असतील, काठी टेकत आले आणि त्याच्या पुढं उभे राहिले.

“आधी मला मारा,” म्हणाले. “आमचे बापजादे बैलं घेऊन गावोगाव फिरायचे ना, त्यायला बी गावातले असंच धरून राहायचे. कोंबडं गेलं, धरा लमाणाला. लेकरू हुडकायचं सोडून हे काय करून राहिले तुमी?”

बबननं कॉलर सोडली. आणि ऐका, तो चादरवाला पळून गेला नाही. चादरी तिथंच टाकून पोरगी शोधायला लागला.

आता माझ्याकडं येतो. हा भाग मला गाळायला आवडला असता.

गुलाब माझ्याकडं आला. तोंड पांढरं पडलेलं. ही माणसं मला ‘पटेल’ म्हणतात. “पटेल, एक बार ताडपत्री खोल के देखें? सबकी देख लेते हैं.”

मी वर बघितलं. काळंभोर आभाळ, वारा सुटलेला, पहिले थेंब नाकावर पडलेले. माळावर वीसएक ढीग, सगळे झाकलेले. कुणीच आपली ताडपत्री काढणार नव्हतं. असल्या आभाळात झाकलेली हळद उघडणं म्हणजे आमच्याकडं चुलीतलं लाकूड घरावर टाकण्यासारखं. आणि मी तर म्हणजे मीच.

“अरे, ताडपत्री आपण सगळ्यांनी मिळून टाकली ना?” मी म्हणालो. “पोरगी आत असती तर दिसली नसती का? उगं हळद भिजवू नको. मी माईकवर पुकारतो, पंचक्रोशीत ऐकू जाईल!”

 सेवंती फक्त माझ्या ताडपत्रीकडं बघत होती. मी लुनाला किक मारली.

देवळात गुरव मामा होते. माईक लावला. “ऐका हो ऐका, खरगोनवस्तीतली तीन वर्षांची मुलगी मंगली, अंगात लाल झबलं, पायात एकच पैंजण...” एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा सुरू केलं आणि लाईट गेली. वारा सुटला की लाईट जाते, त्यात नवल काही नाही. मामांनी बॅटरी आणली. बॅटरी मेलेली. मशीनचा दिवा लागेना. मामांनी वायर ओढून काढली आणि हातात धरून म्हणाले, “हे तर गेलं, भाऊ. आता तोंडानंच वरडा.”

मी माईक ठेवला. पायरीवर बसून चपला घातल्या. भोंगा बरोबर माझ्या डोक्यावर होता, चारपाच हातांवर. पाऊस सुरू झाला होता. मी आणि मामा, दोघंच. वायर मामांच्या हातात. भोंग्यातून खर्रसुद्धा झालं नाही. हे मी शपथेवर सांगतो, आणि मामा त्यांच्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतात.

लुना घेऊन परत निघालो. ओढा ओलांडला, माळ दिसला... आणि बघतो तर काय! माझी निळी ताडपत्री माळावर लांब पडलेली, वाऱ्यानं फडफडत. माझे दोन्ही ढीग उघडे. वरून पाऊस. हळदीचं पिवळं पाणी वाहत होतं आणि त्यात पन्नास माणसं उभी.

“कुणी काढली रे?” मी लुना टाकून ओरडत धावलो. “कुणाच्या बापाची...”

सगळी वळली. बबन म्हणाला, “काहून वरडून राहिले, भाऊ? तुमीच तर सांगितलं!”

तेवढ्यात मला ती दिसली. सेवंतीच्या मांडीवर. नखापासून केसांपर्यंत पिवळी, मान टाकलेली. माझ्या दोन ढिगांच्या मधल्या घळीत ती झोपायला गेली होती, झोळीपेक्षा ऊब बरी म्हणून असेल, आणि आम्ही घाईघाईत वरून ताडपत्री ओढली. आत हळदीची वाफ, कडेनं माझे दगडाला दगड. सेवंती तिला हलवत होती, गुलाब तिच्या तोंडावर फुंकर घालत होता.  पावसाचे थेंब तिच्या चेहऱ्यावर पडत होते, पिवळ्या चेहऱ्यावर एकेक गोरा ठिपका उमटत होता...

आणि ती शिंकली!

अहो, काय शिंक होती ती! सगळा माळ एकदम ओरडला. चादरवाला रडला. बबननं त्याला मिठी मारली. परसराम नाईकांनी काठी आभाळात फेकली, ती येऊन माझ्याच पाठीत पडली, पण मला लागलं नाही. मी चिखलात बसलो होतो. मंगलीच्या मुठीत एक हळकुंड होतं आणि डॉक्टरनं तपासेपर्यंत तिनं ते सोडलं नाही. पोरगी ठणठणीत आहे. आता माझ्या अंगणात येऊन माझ्याच कोंबड्या हाकलते.

पण मुद्दा पुढं आहे. ‘तुमीच सांगितलं’ म्हणजे काय?

माळावरच्या प्रत्येकानं भोंगा ऐकला होता. गावातल्यांनी, तांड्यातल्यांनी, मराठी न समजणाऱ्या खरगोनवाल्यांनीसुद्धा. आवाज माझा. चारच वाक्यं. मी नंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. “दत्तराव बोलतोय. माझी निळी ताडपत्री काढा. हळद भिजू द्या. लेकरू आत आहे.” बस. ना ‘ऐका हो’, ना विनोद, ना ‘आज्ञेवरून’. एकदाच.

आणि देवळाच्या शेजारच्या आळीत? कुणीच काही ऐकलं नाही. भोंग्याखालच्या माणसांना शांतता, आणि किलोमीटरवर लख्ख आवाज!

उलगडा करायचे प्रयत्न झाले. शाळेतले सर म्हणाले, गर्दीच्या मनाचा खेळ. पण पन्नास मनं तीच चार वाक्यं खेळतील? बबन म्हणाला, “भाऊची सवय आहे, चिंचेवरच्या बाईवानी काही तरी केलं असन.” एका शांत संध्याकाळी लाईट असताना मी माईकवरून तीच वाक्यं बोलून बघितली. माळावर उभ्या लोकांना नुसती गुणगुण आली, शब्द कळेनात. आणि त्या दिवशी तर वारा माळाकडून गावाकडं होता. मामांची बॅटरी मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, हिच्यात महिन्यापासून जीव नाही.

मग मारुतीपुढं नारळ फोडायला सगळे जमले. खरगोन, तांडा, गाव, चादरवालासुद्धा आला. माझ्या गळ्यात हार. गुलाब पाया पडला. परसराम नाईक म्हणाले, “दत्तराव, तुमच्या मनात देव बोलला. आता तुमी दोन शब्द बोला.”

माईक माझ्या हातात आला. लाईट होती. आता तुम्हाला खरं सांगतो... श्रेय मला नको असं आजवर कधी झालेलं नाही. मी घसा खाकरला. ‘होय, मीच सांगितलं’ असं म्हणायला तोंड उघडलं. नकार देऊन तरी काय मिळणार होतं? खरं काय ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं, आणि आजही नाही.

आणि बायकांच्या बाजूनं आमची कमल सगळ्यांदेखत ओरडली:

“आवाज ह्यायचाच व्हता, पण ते हे न्हवते! ‘हळद भिजू द्या’ म्हणतील व्हय हे? झाकलेल्या ढिगापाशी मला ओला पदर झटकू देत न्हाईत!”