आधी शून्य दाखव

बीड सोडलं त्या दिवशी माझी बस चुकता चुकता राहिली, ती डिझेलपायी. अप्पा, म्हणजे माझे वडील, बीड ते लिंबागणेश जीप चालवायचे. मला स्टँडवर सोडायला निघाले आणि वाटेत पंपावर वळले. खाली उतरले, हात पाठीमागं बांधले आणि मीटरसमोर उभे राहिले. "आधी शून्य दाखव, मंग भर."

"अप्पा, भरोसा न्हाई का आमच्यावर?" पंपवाला हसत म्हणाला.

"न्हाई."

मी बॅग मांडीवर घेऊन शरमेनं अर्धा झालो. बस हलली तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा या संशयातून. तुमच्यापैकी जे गाव सोडून निघाले त्यांना ही सुटका ठाऊक असेल. जे मागं राहिले त्यांनी राग मानू नये.

बंगळूरला मला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. तिथं वैमानिकांच्या सरावासाठी पडद्यावरचं विमान तयार करत. त्यात इंधन भरण्याचा भाग माझ्याकडं आला. आधी नुसतं बटण दाबलं की टाक्या भरायच्या. मला ते खऱ्यासारखं करायचं होतं: टँकर येणार, नळी लागणार, पंखांतल्या टाक्या सावकाश भरणार, वजनानं विमान जरासं खाली बसणार.

हे मी एसटीडी बूथवरून अप्पांना कौतुकानं सांगितलं आणि फसलो.

"विमान खरं न्हाई, तेल खरं न्हाई, अन् पगार तेवढा खरा? बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. कुठंतरी पानी मुरतंय. मी येऊन बघतो. खोटं निघालं तर तुला संगं घेऊन येईन."

त्या वर्षांत नव्या कंपन्या भूछत्रासारख्या उगवत आणि एखाद्या सकाळी दाराला कुलूप दिसे. त्यामुळं त्यांचा संशय अगदीच खुळा नव्हता. तो मलाही चिकटला. रोज कोपऱ्यावर वळताना आधी कंपनीचं दार उघडं आहे का ते बघायचो, मग जीव भांड्यात पडायचा. अप्पा एकदा 'चल' म्हणाले की मला नाही म्हणता येणार नव्हतं, आणि मला तर परत जायचं नव्हतं.

अप्पा आले. आत शिरण्याआधी समोरच्या चहावाल्याकडं आपल्या बीडच्या हिंदीत कंपनीची सगळी चौकशी केली. टेबलाखाली वाकून वायरी पाहिल्या. मी पडद्यावर विमान उभं केलं, टँकर आणला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी टँकरवर मीटर काढलं होतं, आणि नळी लावण्याआधी त्यावर शून्य येत होतं.

अप्पांनी ते शून्य पाहिलं. आमच्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, पण ते बसले नाहीत. टाक्या भरेपर्यंत हात पाठीमागं बांधून उभेच राहिले. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "विमान खोटं हाय. भरनं खरं हाय."

संध्याकाळच्या बसनं ते एकटेच गेले. खिडकीतून बजावलं, "साहेब लई गोड बोलतो. नजर ठेव."

अप्पा आता नाहीत. बंगळूरला माझा फ्लॅट आहे, गाडी आहे. पंपावर मी काच खाली करून नुसतं कार्ड देतो. माझं काय खरं, काय खोटं हे तपासायला आता कुणी येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बीडला गेलो की मात्र त्याच पंपावर वळतो आणि खाली उतरतो. परवा तिथल्या नव्या माणसानं विचारलं, "साहेब, भरोसा न्हाई का आमच्यावर?"

"न्हाई," म्हणालो, आणि तेव्हा कुठं घरी आल्यासारखं वाटलं.