पिवळ्या लेपाखाली

वसमतकडच्या त्या गावात मंजुळाबाईचा जन्म हळदीतच गेला. कंद उकरायचे, माती झाडून मोडायचे, शिजवायचे, अंगणभर वाळवायचे. कुणाचं बोट कापलं, कुणाच्या पायात काटा मोडला, की माणसं आधी तिच्या दारात. घरच्या हळदीचा कोमट तेलातला लेप ती बांधून द्यायची. बाई तोंडाची फटकळ, पण हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. तिलाही ते खरं वाटे. तिथंच घात झाला.

तिची लेक पुनम स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी माहेरी येऊन राहिली होती. औषधांनी हाताच्या शिरा निकामी झाल्या, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवली, पोर्ट म्हणतात ती. केमोची सुई त्यातच टोचायची. "तिथं लाली आली किंवा थंडीताप आला, तर लगेच या," नर्सनं बजावलं होतं.

गेल्या केमोनंतर सुईच्या जागी लाल झालं. पुनम म्हणाली, "माय, दवाखान्यात जाऊ का?"

"एवढ्याशा लालीला काहून पळतीस? मी हाय ना!" म्हणत मंजुळाबाईनं लेप चढवला. मग रोज चढवत राहिली. पिवळ्याखालची लाली उतरली की वाढली, हे दिसणार कुणाला? पुनमला हुडहुडी भरली तेव्हा मात्र बाई हाका मारत बाहेर धावली. शेजारच्या संतरामनं जीप काढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ओल्या कापसानं हळद पुसली. खाली कातडी जांभळी पडलेली, कडेनं पू.

"जंतू पोर्टमधून रक्तात गेलेत. केमोनं अंगात ताकद उरलेली नाही. पोर्ट आत्ताच काढतो, पण खात्री देत नाही." मग ते कडाडले, "हे लावलं कुणी?"

दातावर दात वाजत असताना पुनम म्हणाली, "म्याच लावलं, सायब. मायला ठावं न्हाई."

डॉक्टरांनी तिला नको नको ते सुनावलं. शिकलेली असून अक्कल नाही का, म्हणाले. पुनमनं डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. आई शेजारीच उभी होती, तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं, तेव्हा कुठं बाईला कंठ फुटला. "म्या लावली व्हो! माझ्या लेकराला बोलू नका!" बंद दारापाशी ती ओरडत राहिली. मग दिसेल त्याला धरून सांगू लागली, आयाबाईला, वॉचमनला, औषधं घ्यायला आलेल्या परक्या माणसाला: "म्या लावली. माझ्या पुनमनं न्हाई."