इंग्रजीच्या पर्च्यातला रजेचा अर्ज

मी मोमिनाबादच्या तहसील कचेरीत कारकून होतो. गावाला घरीदारी आम्ही आंबाच म्हणायचो, मोमिनाबाद फक्त कागदावर. तेव्हा तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले, म्हणून दिवसभर उर्दूत लिहायचं हे माझं काम. मोडी वडिलांनी लहानपणीच शिकवली होती. या दोन्ही लिप्यांनी हाताला एकच सवय लावली, ती म्हणजे न थांबण्याची. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे नसत. ओळीच्या एका टोकाला टाक टेकवला की दुसऱ्या टोकालाच उचलायचा. वाक्य कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. कचेरीतली उर्दूही तशीच. हकीकत एकदा सुरू झाली की सहीपाशी येऊनच संपायची.

एकोणतिसाव्या वर्षी मी इंग्रजी लिहायला बसलो तो ही सवय घेऊनच. बीडच्या जिल्हा कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहारासाठी एक जागा निघणार होती, आणि जिल्ह्यातल्या कारकुनांमधून जो इंग्रजी लेखनाच्या पर्च्यात, म्हणजे लेखी परीक्षेत, पहिला येईल त्याला ती मिळणार होती. आमच्या कचेरीत मला थोडंफार इंग्रजी वाचता येई. पेशकार, म्हणजे आमचे वरिष्ठ, एके दिवशी म्हणाले, "तुला येतं ना रे जरा? बस की मग." मी बसायचं ठरवलं. फार विचार केला असं नाही.

गावात एक वृद्ध मौलवीसाहेब राहत. पूर्वी इथं घोडदळाची छावणी होती, तिच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. छावणी उठली, बंगले ओस पडले, साहेबलोक गेले. मौलवीसाहेब मात्र मुलीजवळ इथंच राहिले. कचेरी सुटली की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला आठवडी बाजारावर एक पान लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली, पानावरून वर-खाली नजर फिरवली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"मुन्शीजी, ये पूरा पन्ना एकच जुम्ला है," ते म्हणाले. पूर्ण पान म्हणजे एकच वाक्य. "फुलस्टॉप किधर है?"

शेवटी होता की एक. मी दाखवला.

"और ये 'अँड' कित्ते हैं? गिनो."

मी मोजले. अकरा होते.

त्या दिवसापासून मौलवीसाहेबांचा कायदा सुरू झाला. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. वाक्यात एकदा 'अँड' आला की पुन्हा आणायचा नाही. सुरुवातीचं अक्षर मोठं, कारण या भाषेत वाक्य दार वाजवून आत येतं, असं ते म्हणत. कॉमा दम घेण्यासाठी द्यायचा नाही, अर्थ फुटत असेल तिथंच द्यायचा. 'द' कुठं लावायचा हे कळत नसेल तर वाक्यच बदलून टाकायचं. "इम्तिहान में बहादुरी नक्को," हे त्यांचं नेहमीचं. जे पक्कं येतं तेवढंच लिहा, तपासणाऱ्याला तुमचं पांडित्य नको असतं, त्याला चुका शोधायच्या असतात. त्या सापडू देऊ नका. आणि शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. पेपर खालून वर वाचा, आधी शेवटचं वाक्य, मग त्याच्या आधीचं. सरळ वाचलं तर डोळा अर्थावरून घसरत जातो आणि चूक तशीच राहते.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो अक्षराच्या डोक्यावर लोंबणाऱ्या त्या छोट्या खुणेनं. तिचं नाव अपॉस्ट्रॉफी, ते तिला नुसतं 'निशान' म्हणत. एका माणसाची वस्तू असेल तर निशान एसच्या आधी, अनेकांची असेल तर नंतर. दोन दिवसांचा प्रवास, आठ दिवसांची मुदत, इथंही नंतर. मी दरवेळी उलट करायचो.

घरी मी सकाळी मोठ्यानं वाचत बसायचो. बायको चुलीशी असायची. तिचं माहेर सिरसाळ्याचं. आम्हाला चार वर्षांची एक मुलगी होती. एकदा माझं लिहिलेलं पान बायकोनं हातात घेतलं, वाचता काही येत नव्हतं तिला, पण टिंबं दिसली.

"हे सारखं टिंब कावून देता?"

"वाक्य संपलं हे कळायला."

"मंग लिहिणाराला कळत न्हाई का, आपलं संपलं म्हणून?"

मी हसलो. ती नाही हसली, तिला खरंच विचारायचं होतं. मग म्हणाली, "बीडला गेल्यावर तिथं पाणी लई लांबून आणावं लागतं का?" बीडला जायचं तिनं मनात पक्कं करून टाकलं होतं.

त्या साली पाऊस सरता सरता मानमोडीची साथ आली. अंग मोडून ताप यायचा, तीन-चार दिवसांत माणूस जायचा किंवा उठायचा. कचेरीतले निम्मे लोक अंथरुणाला खिळले. गावोगावचे पाटील-पटवारी मेलेल्यांच्या याद्या पाठवत, आणि त्या उतरवून बीडला धाडायचं काम माझ्याकडे आलं. केजची यादी यायची, तेलगावकडची यायची. नाव, बापाचं नाव, वय, गाव. आधी मी नावं वाचायचो. मग फक्त उतरवायला लागलो. हात उर्दूत भराभर चालायचा.

एका सोमवारी बायकोला ताप आला. मंगळवारी ती उठली नाही. मी काढा करून दिला, पोरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि कचेरीत गेलो. बुधवारी निघताना तिनं हाक मारली.

"आज नका जाऊ."

"याद्या जायच्यात बीडला. चपराशी दुपारी निघणार."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पाणी जवळ ठिवा."

मी तांब्या तिच्या उशाशी ठेवला. संध्याकाळी आलो तेव्हा ती बोलत होती, थोडं असंबद्ध, पण बोलत होती. गुरुवारी मी पुन्हा गेलो. तिनं त्या दिवशी काही म्हटलं नाही. दुपारी कचेरीच्या दारात शेजारच्या काकू उभ्या राहिलेल्या दिसल्या. त्या कधी कचेरीत येत नसत. मी यादीचं चालू पान पुरं केलं, दौतीला टोपण लावलं आणि उठलो. पान का पुरं केलं, मला सांगता येत नाही. चार-पाच नावंच उरली होती.

बाकीचं त्या दिवसांत जसं सगळीकडे होत होतं तसंच झालं. खांदे द्यायला माणसं मिळेनात, तिसऱ्या गल्लीतून दोघं आले. सिरसाळ्याहून सासूबाई आल्या. त्या रडल्या, आणि रडताना माझ्याकडे बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "जावईबापू, पोरीला घेऊन जाते. तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई." मी हो म्हणालो. पोर गाडीत बसली, तिला गाडीत बसायला आवडायचं. तिनं वळून पाहिलं की नाही ते मला आठवत नाही. मी बहुतेक बैलांकडे बघत होतो.

कचेरीत परत गेलो तेव्हा पेशकारांनी मला बाजूला घेतलं. ते स्वतः नुकते आजारातून उठले होते, आवाज बसलेला होता.

"अरे, रजा मागायची होतीस. एक अर्ज द्यायचा. नाही म्हणणार होतं का कुणी?"

मी म्हणालो, "सुचलं नाही."

खरंच सुचलं नव्हतं. एवढे लोक आजारी असताना कुणी रजा देणार नाही, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. विचारलं मात्र नव्हतं.

चौदावा झाल्यावर मी मौलवीसाहेबांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी मला पाहून हातातली जपमाळ बाजूला ठेवली. "आज सबक नक्को," ते म्हणाले. "बैठो. चाय पियो."

"धडा द्या," मी म्हणालो.

"मुन्शीजी, घर जाव."

"घरी कुणी नाही. धडा द्या."

ते उठून आत गेले. मग आतून कागद आणून त्यांनी एक उतारा लिहिला, सलग, एकाही खुणेशिवाय, आणि माझ्यापुढे सरकवला. मी टिंबं दिली, कॉमे दिले, मोठी अक्षरं केली, निशानं टाकली. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासली. पेन्सिल कुठंच टेकली नाही.

"सब सही है," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सगळं बरोबर आलं होतं. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. मलाही झाला नाही. पण दुसऱ्या दिवशीही सगळं बरोबर आलं, तिसऱ्या दिवशीही. पूर्वी लिहिताना माझं मन पुढं धावायचं, म्हणून वाक्यं लांबायची. आता ते कुठंच धावत नव्हतं. एक वाक्य लिहायचं, थांबायचं, दुसरं लिहायचं. थांबणं सोपं झालं होतं.

थंडीत परीक्षा झाली. केजला एक मुक्काम करून, मांजरसुंब्याचा घाट चढून-उतरून मी बैलगाडीनं बीडला पोचलो. जिल्हा कचेरीच्या लांब खोलीत आम्ही तेरा-चौदा जण बसलो होतो. पर्च्यात तीन प्रश्न होते. पहिला विरामचिन्हांचा, दुसरा व्याकरणाचा. ते मी सोडवले. तिसरा असा होता: घरात आजारपण असल्यामुळे वरिष्ठांकडे रजा मागणारा अर्ज लिहा.

मी प्रश्न दोनदा वाचला. आजूबाजूला टाक खरडत होते. शेजारचा कारकून काहीतरी लांबलचक लिहीत होता, बहुधा त्याचा काल्पनिक बाप काल्पनिक विहिरीत पडला होता.

मी लिहिलं: सर, माय वाइफ इज इल. शी हॅज हॅड फीव्हर सिन्स मंडे. वी हॅव अ स्मॉल डॉटर. देअर इज नो वन एल्स इन द हाउस. आय रिक्वेस्ट फोर डेज लीव्ह.

इथं टाक थांबला. चार दिवसांची रजा. निशान एसच्या आधी की नंतर? मी त्याचा विचार करत राहिलो. दिवस चार, म्हणजे अनेक, म्हणजे नंतर. तरी खात्री होईना. आठ दिवसांची मुदत आठवली, दोन दिवसांचा प्रवास आठवला. मग एसच्या नंतर, जरा वर, नीट निशान दिलं. त्या जागेवर मी किती वेळ घालवला असेन कोण जाणे. त्या सगळ्या वेळात मला ती आठवली नाही. फक्त निशान आठवत होतं. शेवटची दहा मिनिटं मी अर्ज खालून वर वाचला. चार दिवसांची रजा. घरात दुसरं कुणी नाही. लहान मुलगी आहे. सोमवारपासून ताप आहे. बायको आजारी आहे. एकही चूक नव्हती. मी कागद दिला आणि बाहेर येऊन गाडीवाल्याला शोधलं.

महिन्याभरानं कळलं की मी पहिला आलो. पेशकारांनी निकालाचा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. तिसऱ्या उत्तराजवळ तपासणाऱ्यानं लिहिलं होतं म्हणे, साधं आणि निर्दोष. पेशकारांनी प्रश्न काय होता ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

मौलवीसाहेबांनाही सांगितलं. अर्ज जसाच्या तसा म्हणून दाखवला. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "निशान किधर दिये?"

"एसच्या नंतर."

"हौ," ते म्हणाले. चष्मा काढला, उठले आणि आत गेले. मी ओट्यावर वाट पाहिली. त्यांची मुलगी बाहेर येऊन म्हणाली की आज अब्बांची तब्येत ठीक नाही. मी निघालो.

बीडला मी पुढं पुष्कळ वर्षं इंग्रजी कागद लिहिले. माझी वाक्यं आखूड असतात म्हणून साहेबांना आवडायची. नवे कारकून परीक्षेला बसायचे तेव्हा माझ्याकडे येत आणि मी त्यांना मौलवीसाहेबांनी सांगितलेलं सगळं सांगायचो. रजेच्या अर्जाचा नमुना तेवढा मी कुणाला दिला नाही. कुणी मागितलाच तर साध्या पत्राचा द्यायचो. माणसं म्हणत, तुम्ही फार शांत असता. मी शांत नव्हतो. काहीच नव्हतो, पण हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे वाक्य लांबलं असतं.

मुलगी सिरसाळ्याहून माझ्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. मधल्या काळात मी दोन-तीनदा जाऊन आलो होतो, पण ती सासूबाईंच्या पदराआड उभी राहायची. त्या दिवशी ती गाडीतून उतरली, हातात कपड्यांचं गाठोडं. मला काय म्हणून हाक मारायची हे तिला ठरवता येत नसावं, म्हणून तिनं हाकच मारली नाही.

"हे कुठं ठिवू?" तिनं विचारलं.

मी कोपरा दाखवला. तिनं गाठोडं तिथं ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसली. मी भाकरी केल्या होत्या, मधे जरा कच्च्या राहिल्या होत्या. तिनं कडेकडेनं खाल्ल्या आणि मधला भाग ताटात तसाच ठेवला. मीही तसंच केलं.