तीन मुठी

चिंचपाड्याच्या स्टेशनावर माय रडली नाही. मीही नाही. माझा धाकटा भाऊ योना जाऊन तीन महिने झाले होते आणि आमच्या घरातलं रडणं तोवर संपलं होतं. सुरतेची पॅसेंजर आली तेव्हा मायने झाकणाचा रिकामा स्टीलचा डबा माझ्या बॅगेत कोंबला. म्हणाली, "चूल पेटनी का मूठ काढजो." गॅसलाही ती चूलच म्हणते. मी मान हलवली. गाडी सुटली आणि मला काहीच वाटलं नाही. गावच्या चर्चमधल्या मंडळींनो, तुम्ही तेव्हा म्हणत होता, पोरगी किती धीराची. धीर कसला, आत सगळं बधिर होतं.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना मूठ आठवत असेल. भात लावायच्या आधी तांदळातून एक मूठ देवासाठी बाजूला काढायची, रविवारी चर्चमधल्या पोत्यात नेऊन टाकायची. ज्या घरी दुखणं किंवा मरण, त्या घरी ते पोतं जातं. त्यात कुणाचा जाडा, कुणाचा बारीक, कुणाचा रेशनचा तांदूळ. असा भात कधी धड शिजत नाही. अर्धा गिच्च होतो, अर्धा कचकचीत राहतो.

योनाला सिकलसेल होता. दुखणं उठलं की तो गुडघे पोटाशी घेऊन पडायचा. माय गरम पाण्याची पिशवी धरून बसायची आणि प्रार्थना करायची. मी तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. काचेवर त्याचंच रक्त पाहिलं, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी. पाळकबाबा म्हणायचे, ख्रिस्तानेही सोसलं, दुःखाला अर्थ असतो. माय म्हणायची, "तो आपलासंगे शे." योना म्हणायचा, "मंग त्याले सांग, जरा पाय दाबी दे." आम्ही तिघं हसायचो. वडील दाराआड जाऊन हसायचे. एकोणिसाव्या वर्षी तो गेला.

दफन झालं आणि संध्याकाळी पोतं आमच्या दारात आलं. मायने तांदूळ निवडले आणि चुलीवर टाकण्याआधी त्यातूनही एक मूठ बाजूला काढली. माझं डोकंच फिरलं. ज्याने पोरगा नेला त्यालाच मूठ? पहिल्याच घासाला दाताखाली कच्चा दाणा आला आणि मी ताटावरून उठले. माय मागून म्हणाली, "कोनी मूठ कोनती शे, कोनले मालूम? म्हनीसन खाय ले, पोरी." मी खाल्लं नाही. गावाने दिलेल्या अन्नावरून मी उठले, हे अजून माझ्या मनातून जात नाही.

सुरतेत मोबाइलवर मागवलेला कोलम तांदूळ येतो. कुकरच्या तीन शिट्ट्या, दाणा न् दाणा सारखा. लॅबमधली शिफ्ट, सॅम्पल, रिपोर्ट, पीजी. मायच्या डब्यात मी केसांच्या क्लिपा ठेवल्या. रविवारी चर्च सुटलं की तिचा फोन यायचा, "मूठ काढस ना?" मी म्हणायचे, हो. दोन वर्षं म्हणत राहिले. घर चार तासांवर आहे, पण नाताळलाही मी ड्यूटी मागून घेतली.

मागच्या महिन्यात नंदुरबारकडची एक बाई लेकीला घेऊन लॅबमध्ये आली. रिपोर्ट मीच टाइप केला. सिकलसेल पॉझिटिव्ह. दुपारी बाहेर गेले तर ती बाकावर बसलेली, मांडीवर लेक झोपलेली. "ताई, पोरले काय व्हयनं?" लॅबमध्ये दोन वर्षं गुजराती-हिंदीच बोलणाऱ्या माझ्या तोंडून अहिराणी आली. जमेल तसं समजावलं. तिने विचारलं, "तुमना घरमा कोनले व्हतं का हाई?"

"भाऊले."

"मंग आते कसा शे?"

"गया," मी म्हटलं. सुरतेत हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. तिने बाकावर सरकून जागा केली, फडकं सोडलं आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. कड कच्ची होती. मी सगळी खाल्ली.

विश्वास परत आला असं लिहिलं तर खोटं होईल. योनाच्या रक्तातल्या त्या विळ्यांचा अर्थ मला अजून कळलेला नाही. पण त्या रविवारी फोन आला तेव्हा मी म्हटलं, "माय, मी खोटं बोलनू. दोन वरीसमा एकबी मूठ नही काढी."

"माले मालूम शे," माय म्हणाली. "तुन्ही मूठ मी काढस ना आठे. योनानीबी काढस. जेवनी का?"

माय आणि वडील, दोघांच्याच भातातून रोज तीन मुठी निघत होत्या: घरची, माझी आणि योनाची. मी रागाने ताटावरून उठले, गाव सोडलं, देवाशी बोलणं टाकलं, तरी जिथे माझी मूठ एक दिवसही चुकली नाही, ते माझं घर. फोन ठेवला आणि रडले, भरपूर. मग डब्यातल्या क्लिपा काढून ठेवल्या, तांदूळ घेतले आणि योनाची मूठ आधी काढली.