काकू उठेपर्यंत

पी. टी. सर मोबाइलसमोर उभे राहिले, की आधी शिट्टी फुंकायचे. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेला माणूस. शिट्टीशिवाय त्यांचं अंग हलायचंच नाही. मी ती व्हिडिओतून कापायची आणि दुसऱ्या दिवशी ते हमखास विचारायचे, "बेटा, मेरी शिट्टी किधर गई?"

हर्सूल तलावाकडं सकाळी व्यायामाला जमणाऱ्या आम्हा बायकांच्या गटाचं सोशल मीडियावरचं पान मी सांभाळते. शिकवायचे सर, व्हिडिओ करायची मी. सर सिल्लोडचे. आता तिथं मुलाकडं राहायला जायचं ठरलं होतं, सामानही बांधून तयार होतं.

त्यांचा एक हट्ट होता. बरोबर काय ते नंतर, आधी चूक दाखवायची, तीही स्वतःच्या अंगावर. "बरोबर तर सगळेच दाखवतात. माणूस चुकतो कुठं, ते दाखव ना." असले लांबलचक व्हिडिओ कोण बघतंय, म्हणून मी कुरकुरायची. एकदा बैठकांच्या व्हिडिओतला चुकीचा भाग मी सरळ उडवला, उरलेल्याचा वेग वाढवून तो अर्ध्या मिनिटात बसवला आणि वर गाणं टाकलं. व्हिडिओ लई चालला! आमच्याच गटातल्या कुलकर्णी काकूंनी तो घरी लावला आणि बिचाऱ्यांनी त्याच वेगानं बैठका मारल्या. गुडघा असा सुजला, की जमिनीवर बसणंच बंद झालं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हिडिओ गुपचूप काढते आणि पानही बंद करते, असं मी सरांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "काढ. पण गुपचूप नको. ज्यांनी बघितला, त्यांना कोण सांगणार?" मग मीच कॅमेऱ्यासमोर उभं राहून माझी करणी सांगितली. सर शेजारी उभे होते, पण मदतीला एक शब्द बोलले नाहीत.

शिक्षा मात्र त्यांनी स्वतःलाही करून घेतली. व्हिडिओत दिसतोय तो मीच ना, म्हणाले. काकू आधार न घेता जमिनीवरून उठेपर्यंत सिल्लोडला जायचं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली तसे ते रोज काकूंकडं जायला लागले. आधी उंच खुर्ची, मग बुटकी, मग पाट. काकूंच्या कुरबुरीसकट मी ते सगळं न कापता पानावर टाकत गेले. खुलताबादच्या एका मुलीनं लिहिलं, की तिची आईही आता काकूंबरोबर खुर्चीवरून उठते. ते वाचून मी रडले. इकडं सरांच्या मुलाचे फोन येत राहायचे आणि सर सांगायचे, "थांब रे, काकू अजून पाटावर आहेत."

शेवटी एका सकाळी काकू सतरंजीवरून कशालाही न धरता उठल्या. सरांनी तोंड फिरवून रुमालानं डोळे पुसले. दोन दिवसांनी टेम्पोत सामान चढलं आणि सर गेले.

त्यांना निरोप देऊन परत येताना मी काकूंचं कौतुक केलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मला पंधरा दिवसांपासून जमत होतं."

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर ते गेले असते." काकू थोडं चालल्या. "परवा सर माझ्याकडं आले होते, तेव्हा त्यांना नातीचा फोन आला. दादा, कब आते, दादा, कब आते, एवढंच विचारत होती. मग म्हटलं, उठावं आता."