सातव्या मजल्यावरचा चहा

शालूमावशी, आपली गल्ली सोडली त्या संध्याकाळी बाबांनी दाराला कुलूप लावलं होतं, आठवतंय? टेम्पो भरून झाला होता. आई करवादली, "सकाळी बुलडोझर येणार, आणि कुलूप कसलं लावताय?" बाबा म्हणाले, "घर उघडा टाकून जावचा नसता." तू हसता हसता डोळे पुसलेस.

तुझा टेम्पो विरारकडे गेला. इतकी वर्षं राहूनही तू भाडेकरू. झोपडीचा सरकारी फोटोपास मालकाच्या नावावर, म्हणून नव्या घरांच्या यादीत तू अपात्र आणि आम्ही पात्र. आपल्या दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच होती गं! त्या 'अपात्र' शब्दाचा मला अजून राग येतो. डोंगराच्या पायऱ्या चढून आलं की तुझं दार आधी लागायचं, म्हणून कामावरून येताना बाबा आधी तुझ्याकडे टेकायचे. "शालू, च्याय टाक गे!" मग घरी आईचा चहा नको म्हणायचे आणि आई फुरंगटून बसायची.

भाड्याच्या खोल्या बदलत बदलत आम्ही दिवस काढले आणि अखेर घाटकोपरच्या त्याच डोंगराखाली बिल्डिंग उभी राहिली. आम्हाला नववा मजला मिळाला. खोटं कशाला बोलू, मला ही खोली आवडते. संडास घरात, पाणी नळाला. आईने तर पहिल्या दिवशी उगाचच दोनदा अंघोळ केली. बाबांची मात्र वाट लागली. दारं बंद ठेवा, अशी सोसायटीची नोटीस. ते खिडकीशी बसून राहायचे, निम्मं जेवण ताटातच. "हयसून खाली बघलंय तरी कोणाचो चेहरो दिसणा नाय," म्हणायचे. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "माका गावाक धाडा." गावच्या घरात काकांच्या मुलांचे संसार, तिथे बाबांना कुणी धड विचारणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्यांनाही. आई रडली, मी भांडले. ते ऐकेनात. पिशवी भरून दाराशी ठेवली आणि एसटीचं तिकीट काढायला गेले.

तिकीट काढून परतताना ते लिफ्टमधून चुकून सातव्यावर उतरले. मजले सगळे सारखेच. वाऱ्यासाठी एक दार उघडं होतं. बाबा चप्पल काढून आत शिरले, खिडकीशी बसले आणि सवयीने हाक मारली, "च्याय टाक गे!"

आत भांडं वाजलं. बाबांनी घाम पुसत वर पाहिलं, तर भिंतीवर आमच्या गणपतीच्या जागी बुद्ध. ते धडपडत उठले. ओट्यापाशी एक अनोळखी बाई उभी होती. सुनंदाताई, मूळच्या जालन्याच्या, पलीकडच्या वस्तीतून इथे आलेल्या.

"आता कुठे चाललात काका? आधण ठेवलंय मी."

"तू माका वळखतस?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. पण इथे आल्यापासून माझ्याकडे कुणी चहाच मागितला नव्हता."

बाबा वर आले तेव्हा किती दिवसांनी हसत होते. आईने विचारलं, "कुठे होतात एवढा वेळ?" तर म्हणाले, "सातव्यार." दुसऱ्या दिवशी तिकीट रद्द करायला मीच पळाले. पिशवी आईने रिकामी केली.

सुनंदाताईंनी तुझी जागा घेतली, असं मनात आणू नकोस. तिथे बसून बाबा तुझ्याच गोष्टी सांगतात. शालूमावशी कधी येणार, असं परवा त्यांनीच मला विचारलं. आई अजून फुरंगटते, पण हल्ली चहाच्या वेळेला तीही खाली उतरते. कागदावर माझं घर नवव्या मजल्यावर आहे. मला मात्र दोन मजले आधीच घरी आल्यासारखं वाटतं, पूर्वी तुझ्या दाराशी वाटायचं तसं.

म्हणून सांगते, ये एकदा. लिफ्टमध्ये नवव्याचं बटण दाबू नकोस. सातव्यावर उतर. दार उघडं असेल. आत जाऊन बस आणि बिनधास्त चहा माग.