लाल बोयाच्या अलीकडे

लाँचवरची सगळी माणसं तिला कॅप्टनबाई म्हणतात. सरकारी कागदावर मात्र ती कुमारी आहे. वय चौपन्न, जिना उतरताना गुडघे धरून उतरते, दाढा दोन काढून झाल्या, आणि कुमारी. परवान्याचं नूतनीकरण करायला गेली की फॉर्मवर त्या चौकटीत खूण करावी लागते. दरवर्षी ती खूण करते आणि दरवर्षी मनातल्या मनात एका माणसाला शिव्यांची लाखोली वाहते.

तो माणूस म्हणजे फरशीवाला. बाजारात त्याचं फरश्यांचं मोठं दुकान आहे. हा बाबा अकरा वर्षं तिचा नवरा होता. म्हणजे ती त्याला नवरा समजत होती. तिच्या हातचं जेवून, तिने इस्त्री केलेले शर्ट घालून दुकानात जात होता, आजारी आईला तिच्या भरवशावर टाकून गावोगाव फिरत होता. आई गेली आणि वर्षभरात याला बायकोचा कंटाळा आला. आता सरळ घटस्फोट मागायचा की नाही? पण घटस्फोट म्हटला की बायकोचा हक्क आला, घरातला वाटा आला. फरशीवाल्याने एक हुशार वकील गाठला आणि कोर्टात सांगितलं, की साहेब, मुळात आमचं लग्नच झालेलं नाही.

झालं होतं हो. चांगलं पन्नास माणसांसमोर झालं होतं, तेही बोटीवर. बोटीवरच करू या, ही हौस त्याचीच. विवाह नोंदणी अधिकारी रजिस्टर घेऊन बोटीवर आले होते, सह्या झाल्या होत्या, तिने निळी साडी नेसली होती आणि वाऱ्याने पदर आवरता आवरता तिची पुरेवाट झाली होती. पण बंदराच्या तोंडाशी पाण्यावर एक लाल बोया तरंगतो, माणूसभर उंचीचं लोखंडी पिंप. त्याच्या अलीकडचं पाणी आपल्या जिल्ह्याचं, पलीकडचं शेजारच्या. सह्या झाल्या तेव्हा बोट बोयाच्या पलीकडे होती. तिथे आपल्या अधिकाऱ्याचा अधिकार चालत नव्हता. वकिलाने बोटीची जुनी नोंदवही काढून दाखवली. म्हणजे लग्न नाही, म्हणजे बायको नाही, म्हणजे वाटाही नाही.

"मग अकरा वर्षं मी याच्या घरात होते कोण?" तिने भर कोर्टात विचारलं.

न्यायाधीशबाई चांगल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, पण निकाल काही बदलला नाही. बाहेर व्हरांड्यात फरशीवाला तिच्या जवळून गेला आणि हळूच म्हणाला, "तू तशी माझी कोणीच नव्हतीस ना. मग रडतेस कशाला?"

हे वाक्य तिने पंधरा वर्षं जपलं. लोक दागिने जपतात तसं.

कोर्टातून ती बहिणीकडे गेली, बॅगा ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर जाऊन काम मागितलं. बहीण म्हणाली, अगं ताई, शिवणकाम कर, पाळणाघर काढ, पाण्यावर कशाला मरायला जातेस? पण तिला ती रेघ बघायची होती. जिच्यामुळे आपला संसार झालाच नाही असं ठरलं, ती रेघ नेमकी कुठून जाते ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. डेक धुण्यापासून सुरुवात झाली. मग दोर बांधायला शिकली, मग इंजिनवाल्या काकांनी सुकाणू हातात दिलं, मग परीक्षा, मग परवाना. आज त्या बंदरात भरतीचं पाणी कुठल्या वेळी किती जोराने आत येतं हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही. गंमत अशी की किनाऱ्यावरच्या माणसांना ती रेघ ठाऊकच नसते. त्यांच्या लेखी समोर दिसतं ते सगळं आपलंच पाणी.

आणि एका सकाळी बुकिंगच्या कागदावर फरशीवाल्याचं नाव आलं. लाँचवर लग्न. नवरा वय अठ्ठावन्न.

कॅप्टनबाईने तो कागद तीनदा वाचला. ती पाळी दुसऱ्या सारंगाची होती. तिने त्याला स्वतःची रविवारची सुट्टी देऊन पाळी बदलून घेतली. डोक्यात बेत तयार व्हायला चहा संपेपर्यंतचा वेळसुद्धा लागला नाही. बोट बोयाच्या पलीकडे न्यायची, सह्या होऊ द्यायच्या, पेढे तोंडात पडले की भोंग्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं: मंडळी, हे लग्न झालेलंच नाही, नवरदेवाला विचारा, त्याला हा कायदा तोंडपाठ आहे. पन्नास पाहुण्यांसमोर त्याचं तोंड कसं होईल ते ती आठवडाभर मनात रंगवत बसली. जेवताना मध्येच हसायची.

"जाऊ दे ना गं आता," बहीण म्हणाली.

"जाऊच देणार आहे," ती म्हणाली. "चांगलं बोयाच्या पलीकडे जाऊ देणार आहे."

लग्नाच्या दिवशी पाहुणे मागच्या डेकवर चढले. फरशीवाला पांढरा सूट घालून आला होता. पोट सुटलं होतं, केस मात्र काळेभोर. वर केबिनकडे त्याने पाहिलंही नाही. बोट कोण चालवतं हे बघायची त्याला कधीच सवय नव्हती. नवरी चाळिशीची होती, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, अंगाने बारीक. अधिकारी नवीन होते, आतल्या कुठल्यातरी गावाहून बदलून आलेले, बोटीवर पाय ठेवतानाच घाबरले. त्यांच्या चष्म्याची दांडी सैल होती. नवरीने सहज तो चष्मा त्यांच्या नाकावरून काढला, दांडी जराशी वाकवली, परत घातला आणि म्हणाली, "आता नाही पडणार." कॅप्टनबाईला तिचा राग यायला हवा होता. काही केल्या येईना.

दोर सुटायला लागले. तेवढ्यात ऑफिसमधला कारकून धावत आला आणि खिडकीतून एक चिठ्ठी देऊन गेला. "पार्टीची खास सूचना आहे. तुमच्या हातात द्यायची राहिली."

चिठ्ठीत लिहिलं होतं: सह्या लाल बोया ओलांडल्यावरच व्हाव्यात. तिथून फोटोत दीपगृह चांगलं येतं.

आधी तिला हसू फुटलं. वा रे पठ्ठ्या, आपणहून मान पुढे केलीस. मग हसू ओठांवरच राहिलं.

याला दीपगृहाशी काय घेणं? बाजारातल्या कोणाला नसेल माहीत, पण याला ती रेघ माहीत आहे. या रेघेवर तो एक खटला जिंकलाय. आणि तरी म्हणतो, पलीकडे चला. तरी नव्हे, म्हणूनच म्हणतो. म्हणजे ही चष्मेवाली आता आनंदाने सही करणार, याचं घर सांभाळणार, याची दुखणीखुपणी काढणार, आणि कंटाळा आला की हा नोंदवही काढून म्हणणार, तू तशी माझी कोणीच नव्हतीस. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी, आपल्या वेळीही, ही चूक नव्हती. वकिलाने नंतर शोधून काढलेली फट नव्हती. याने पहिल्याच दिवशी, आपण पदर आवरत हसत उभ्या असताना, दार उघडं ठेवलं होतं.

इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिला रागवायचं तेवढं रागवून झालंय. कसलं काय. खरा राग तिला त्या क्षणी आला. तिने सुकाणू असं गचकन ओढलं की काकांनी खालून ओरडून विचारलं, "बाई, सुकाणू का हलतंय?"

"काही नाही काका. इंजिन मी सांगेन तेव्हा बंद करा, आणि मी सांगेपर्यंत चालू करू नका."

आणि तिचा बेत तिथल्या तिथे उलटा झाला. बोयाच्या पलीकडे लग्न लावणं म्हणजे या हरामखोराची चाकरी करणं. नाही. याला आज बांधायचा. कायद्याने, शिक्क्याने, सोडवता सुटणार नाही असा. नवरीला आधी सांगावं का, असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण सांगितलं तर लग्न मोडेल, हा सूट झटकून घरी जाईल आणि पुढच्या वर्षी तिसरी शोधेल. ते तिला नको होतं. हे काही तिने पुण्य म्हणून केलं नाही, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

तिने बोट सरळ बोयाच्या पलीकडे काढली. फरशीवाला कठड्याशी उभा राहून बोया मागे पडताना बघत होता. नीट मागे पडला तेव्हा तो निवांत जाऊन टेबलाशी उभा राहिला. मग तिने बोट वळवली, तोंड बंदराकडे आणि पाठ दीपगृहाकडे. मागच्या डेकवर नवरा-नवरीच्या पाठीमागे दीपगृह झकास दिसायला लागलं. फोटोवाला खूश झाला. समोरचा बोया मात्र केबिनच्या आड गेला, डेकवरून कोणाला दिसेना. तिने इंजिन बंद करायला लावलं. भरती चढत होती. बोट काही आवाज न करता पाण्याबरोबर आत सरकायला लागली.

अधिकारी कायद्याचा मजकूर वाचत होते. कॅप्टनबाई काचेतून बोयाकडे बघत होती. पन्नास मीटर. चाळीस. अधिकाऱ्यांना बोट लागत असावी, भरभर वाचत सुटले. बोया अजून तीस मीटर पुढे होता आणि खाली साहेब म्हणाले, "करा सही."

तिने भोंग्याचा माइक ओढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. नियमाप्रमाणे सुरक्षेची सूचना ऐकल्याशिवाय कोणीही कोणतंही काम करू नये. लाइफ जॅकेट बाकाखाली आहेत. जॅकेट घालताना आधी डोकं घालावं." मग पट्टे कसे बांधावेत ते सांगितलं. मग आग लागली तर काय करावं. मग लहान मुलांची जॅकेट वेगळ्या रंगाची असतात ते. लहान मूल बोटीवर एकही नव्हतं.

पेन हातात धरलेला फरशीवाला पहिल्या वाक्यालाच दचकला होता. अकरा वर्षं ऐकलेला आवाज. त्याने मान वर केली, पण काचेवर ऊन होतं. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तिला स्वच्छ दिसत होतं: ही इथे आहे, ही लग्न मोडायला आली आहे. बोया डाव्या बाजूने, उभ्या राहिलेल्या पाहुण्यांच्या पाठीमागून हळूच निघून गेला. तिने अजून थोडा वेळ जाऊ दिला, अपघातात घाबरू नये हेही सांगितलं, आणि माइक ठेवला.

ती काही बोलायच्या आत उरकावं म्हणून त्याने घाईघाईने सही ठोकली. नवरीने केली, साक्षीदारांनी केल्या.

कॅप्टनबाईने वायरलेस उचलला. "बंदर कंट्रोल, आम्ही लाल बोयाच्या अलीकडे, साठ मीटर आत आहोत. लग्नाच्या सह्या आत्ता होत आहेत."

"कशाच्या?"

"लग्नाच्या. वेळ आणि जागा दोन्ही लिहून ठेवा."

"लिहिलं बाई. आमच्याकडून शुभेच्छा."

तिने तेच नोंदवहीत लिहिलं आणि काकांबरोबर वही खाली पाठवली. अधिकाऱ्यांनी शेजारी सही करून शिक्का मारला. टाळ्या संपायच्या आत फरशीवाला शिडी चढून केबिनच्या दारात आला.

"तुला काय वाटलं, तू रडारड करशील आणि..." तो बोलता बोलता थांबला. मागे, दीपगृहाच्या दिशेला, लाल बोया त्याला दिसला. त्याने किनाऱ्याकडे पाहिलं, परत बोयाकडे पाहिलं.

"अभिनंदन साहेब," ती म्हणाली. "या खेपेला लग्न झालंय."

"पलीकडे न्यायला सांगितलं होतं ना मी? लिहून दिलं होतं."

"दिलं होतंत. चिठ्ठी ठेवलीय मी."

"का?" असा आवाज आला. नवरी त्याच्यामागे शिडीवर उभी होती, एक हात कठड्याला धरून. "पलीकडे कशासाठी?"

फरशीवाल्याने सूटची बटणं लावायला घेतली. मग कॅप्टनबाई बोलली. बोया, रेघ, अकरा वर्षं, कोर्ट, सगळं पाच-सहा वाक्यांत सांगून टाकलं. आवाज चढला नाही. नवरी चष्मा सावरत ऐकत होती.

"हे सह्यांच्या आधी का नाही सांगितलंत मला?"

"आधी मला याला बांधायचा होता. त्याचा दोष माझ्याकडे. पण आता तू याची पक्की बायको आहेस. नको असेल तर उद्या सोड, आज सोड. पण सोडशील ती बायको म्हणून सोडशील, सगळे हक्क घेऊन. तू माझी होतीस कोण, असं तुला कोणी म्हणू शकणार नाही."

नवरीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

"ते पान मिळेल?" तिने विचारलं.

"फाडता येत नाही. फोटो काढ."

तिने पर्समधून फोन काढला. नोंदवहीच्या पानाचा फोटो काढला, मग चिठ्ठीचा. दोन्ही नीट आलेत की नाही ते चष्मा वर करून तपासलं आणि फोन पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली. "लोक खोळंबलेत."

आणि तो तिच्या मागोमाग मुकाट्याने शिडी उतरला.